पंप बदललेला नवरदेव

विश्वजीतच्या लग्नात नवरदेवाची गाडी माझीच असणार, हे मी त्याला पोरी बघायला सुरुवात व्हायच्या आधीच ठरवलं होतं! पोरगी कुठलीही येवो, मांडव कुठंही पडो, नवरदेव बसणार तो माझ्याच मागच्या सीटवर. का? कारण सबंध छत्रपती संभाजीनगरात तशी गाडी दुसरी नाही. दिसायला साधी, पांढरी, चार दारांची. गुलमंडीवर नेऊन उभी केली तर रिक्षावालासुद्धा वळून बघणार नाही. पण बॉनेटखाली टर्बो! आणि त्या टर्बोचा बूस्ट, म्हणजे जोर, मी कंपनीनं दिला त्याच्यापेक्षा बराच चढवून घेतलेला. बीड बायपासला मी पाय दाबला की शेजारी बसलेला माणूस सीटला असा चिकटतो, जसं पाकिटाला तिकीट!

विश्वजीत म्हणजे माझा मेहुणा, विशाखाचा धाकटा भाऊ. गरीब पोरगं. फर्दापूरची सायली ठरली तेव्हा मी म्हणालो, "दाजीच्या गाडीतून फर्दापूरला जायचं," तर तो म्हणाला, "दाजी, पोचू ना?" त्याला वाटलं तो विनोद करतोय.

मी वाळूजला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळतो. त्यामुळं आपल्या कामात चूक असू शकते, हा विचार माझ्या डोक्याकडं सहसा फिरकत नाही.

गाडीत खोट एकच होती. पूर्ण जोरात पळवली की ती ठसकायची. म्हाताऱ्याला तंबाखूची गोळी लागावी तशी!

एकदा जेवताना मी विशाखाला नीट समजावून सांगितलं. "हे बघ, टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. आपण हवा वाढवली, पण पेट्रोल जुन्या मापानंच जातंय. म्हणजे ताटात भाकरी चार आणि कालवण वाटीभर. माणूस ठसकणार नाय तर काय!"

"मग दोन भाकरी कमी करा," विशाखा म्हणाली.

"कमी? अगं, कालवण वाढवायचं!"

कालवण वाढवायचं म्हणजे टाकीतला पेट्रोलचा पंप मोठा बसवायचा आणि इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारे इंजेक्टरही मोठे टाकायचे. हे काम करणारा माणूस एकच, मोईन! कॉलेजपासूनचा दोस्त, रोशन गेटच्या पुढं गॅरेज. आत्मविश्वास माझ्याइतकाच, आवाज माझ्यापेक्षा मोठा. इंजेक्टरला तो 'इंजेक्शन' म्हणतो आणि त्याच्या नादानं मीपण.

सामान मागवलं. ते आलं नेमकं लग्नाच्या आदल्या दिवशी.

"लग्न झाल्यावर करा ना," विशाखानं हात जोडले. अक्षरशः जोडले!

"म्हणजे नवरदेव ठसकत जाऊ दे? तुझा सख्खा भाऊ आहे तो!"

मोईननं गाडी घेतली. मागची सीट उचलली, तिच्याखालचं टाकीचं झाकण उघडलं, जुना पंप काढला, नवा बसवला. इंजेक्शनं बदलली. लॅपटॉप लावून कसलेकसले आकडे हलवले. सगळं झोकात झालं. राहिली फक्त एक रबरी रिंग. पेट्रोल बाहेर येऊ नये म्हणून टाकीच्या तोंडावर असते ती. इतकी वर्षं पेट्रोल पिऊन ती अशी फुगली होती, की परत खाचेत बसायलाच तयार नव्हती.

"भाय, ये रिंग फूल गई," मोईन म्हणाला. "नवी मंगाना पडेगा. सोमवारी येईल."

"अरे, लग्न उद्या आहे!"

"फिर दबाके बिठातूं. कुछ नहीं होता! बस टंकी फुल नक्को करो. अर्ध्याच्या वर जाऊ नका."

"हौ," मी म्हणालो.

मग आम्ही गाडी बायपासला नेली. काय सांगू तुम्हाला! ठसका गायब! पाय ठेवला की गाडी अशी सुटायची, जशी शाळेची घंटा झाल्यावर पोरं! मोईननं खिडकीतून डोकं काढून आरोळी ठोकली. आम्ही दोघंही चाळिशीकडं झुकलोय, हे त्या वेळी आमच्यापैकी कुणालाच आठवलं नाही.

घरी आलो तर विशाखा म्हणाली, "वाटेत पेट्रोलला थांबायचं नाय हां. मुहूर्त हुकला तर आई मला जन्मभर ऐकवंल."

बरोबरच होतं तिचं. म्हणून मी जाऊन टाकी फुल केली. मोईनचं बोलणं आठवलं नाही असं नाही. पण एवढा ताकदीचा पंप बसवायचा आणि टाकी अर्धी ठेवायची? पैलवानाला अर्धपोटी आखाड्यात उतरवायचं? पेट्रोल भरणाऱ्याला म्हटलं, "भर गळ्यापर्यंत!"

सकाळी गाडीला झेंडूच्या माळा चढल्या, काचेवर 'सायली आणि विश्वजीत' चिकटलं, आणि शेरवानी-फेट्यातला विश्वजीत मागच्या सीटवर, म्हणजे नेमका त्या रिंगच्या डोक्यावर, विराजमान झाला. बाकीचं वऱ्हाड बसनं पुढं गेलं होतं. मीपण फेटा बांधला होता. सारथी कोण आहे हे लोकांना कळायला पाहिजे ना!

फुलंब्रीपर्यंत गाडी झोकात पळाली. मग विशाखानं नाक वर केलं. "कसला वास येतोय हो?"

"झेंडूचा."

"झेंडू पेट्रोल पिऊन आलाय का?"

"नवीन सामान आहे, पहिल्या दिवशी येतोच थोडा वास! नव्या बुटाचा येत नाय का?"

सिल्लोड आलं तेव्हा विश्वजीत खिडकीतून अर्धा बाहेर होता. फेट्याचा शेमला वाऱ्यावर फडफडत होता, डोळे मिरचीच्या गिरणीतून आल्यासारखे लाल. विशाखानं टपरीवरून लिंबू आणून त्याच्या नाकाला लावलं. "दाजी," तो क्षीण आवाजात म्हणाला, "मला दोन सायली दिसल्या तर कुणाला माळ घालू?"

मी सगळ्या काचा खाली केल्या आणि धीर दिला. "अजिंठ्याच्या घाटात गार वारं लागंल, सगळं उतरंल बघ."

घाटात वारं लागलं. उतरलं फक्त विश्वजीतच्या तोंडावरचं पाणी.

फर्दापूरला मंगल कार्यालयाच्या दारात गाडी थांबली. बँड कडाडला. सायलीचे वडील पुंजाराम पाटील स्वतः दार उघडायला आले. भला माणूस, कापसाची मोठी शेती, एकुलती एक लेक. त्यांनी दार उघडलं आणि नवरदेव त्यांच्या अंगावरच आला! पांढराफटक, लाल डोळ्यांचा, झुलणारा. पाटलांनी त्याला सावरलं आणि हळूच हुंगलं.

"पिऊन आलाय का काय?" मागून कुणीतरी कुजबुजलं.

"छ्या! दारूचा वास मला वळखू येतो," दुसरा अधिकारवाणीनं म्हणाला. "ह्यो दवाखान्याचा वास हाय."

विशाखा भावाला धरून आत घेऊन गेली. जाताना तिनं माझ्याकडं एकदाच बघितलं. असल्या नजरेनं दूध नासतं!

मी गाडी फाटकाशेजारच्या लिंबाखाली लावली आणि मागची सीट उचलली. बघतो तर काय, टाकीच्या झाकणाभोवती पेट्रोलचं तळं! रिंग सापाच्या कातीसारखी वाकडी होऊन बाहेर लोंबत होती. मी मोईनला फोन लावला. शेजारी पत्र्याचा आडोसा होता आणि त्याच्या पलीकडं आचाऱ्यांचं काम चाललं होतं. तिथं सायलीची आत्या, भागूबाई, बुंदीचा पाक बघायला आली होती. हे मला नंतर कळलं. फार नंतर!

मी काय बोललो ते जसंच्या तसं सांगतो. तुम्हीच न्याय करा.

"मोईन, घात झाला! आतून गळतंय रे! ... प्रेशर? प्रेशर लई वाढलंय. नवा पंप ताकदीचा, जुन्या रबराला सोसंना झालाय ... व्हय, इंजेक्शनंपण मोठी पडली असतील ... नाय, इथं कोण उघडणार? उद्या शहरात नेऊन परत खोलू. आज लग्न लागंपर्यंत दम धरला तरी बास! ... छे, पोरीकडच्यांना कशाला सांगू? उगीच घाबरतील."

पत्र्यापलीकडं झारा पडल्याचा आवाज आला. मी लक्ष दिलं नाही.

मोईन म्हणाला, "मैंने क्या बोला था! टंकी फुल नक्को बोला था!" मग जरा नरमला. "गीली बोरी डालो उपर. आग से दूर रखो. मैं रिंग ढूंढके निकलतूं, सिल्लोड को मिलो."

मी ओल्या गोणपाटाच्या शोधात कार्यालयाच्या मागं गेलो. गोणपाट मिळालं, हौदात भिजवलं, परत आलो. वऱ्हाडातल्या हौशी मंडळींनी फाटकापासून फटाक्यांची लांबलचक माळ अंथरली होती. तिचं शेवटचं टोक थेट माझ्या गाडीच्या पोटाखाली! आणि या टोकाला एक मामा उकिडवे बसून काडी ओढत होते!

"ओ मामा! थांबा!" मी ओरडलो. पण बँडवाल्यांनी नेमका तेव्हाच ढोल असा बडवला, की माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मामांची पहिली काडी वाऱ्यानं विझली. त्यांनी दुसरी काढली.

आत माइकवर एकजण पाहुण्यांची नावं पुकारत होता. "देवगाव रंगारीहून आलेल्या मंडळींनी स्टेजजवळ यावं..." बाहेरच्या झाडावर भोंगा टांगलेला होता. मला सुचलं! गोणपाट खांद्यावर टाकून मी आत पळालो, खुर्च्या उडवल्या, माइक हिसकावला आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "माळ थांबवा! थांबवा माळ! आतून गळती आहे! प्रेशर वाढलंय! आता माळ झाली तर सगळ्यांची राखरांगोळी होईल! माझंच चुकलं, मी आधी सांगायला पाहिजे होतं!"

बाहेर बँड थांबला. मामांच्या हातातली काडी विझली. गाडी वाचली!

आत मात्र शेपाचशे माणसं माझ्याकडं बघत होती. स्टेजवर भटजी अंतरपाटाची घडी हातात घेऊन गोठले होते. मला वाटलं आता टाळ्या पडतील. त्याऐवजी बायकांच्या बाजूनं भागूबाईनं हंबरडा फोडला. "म्या सांगत नव्हते? म्या या कानानं ऐकलंय! पोराचं काळीज बदललंय गं बाई!"

पुंजाराम पाटील माझ्यासमोर आले. फेटा काढून त्यांनी हातात धरला होता. आवाज अगदी खाली होता.

"जावईबापू, खरं काय ते सांगा. पंप बदललाय?"

त्यांना कळलं तरी कसं! पण आता लपवण्यात अर्थ नव्हता. "व्हय पाटील. बदललाय."

"कवा?"

"काल."

"काल?" ते भिंतीला टेकले. "काल बदलला आन आज बोहल्यावर आणला?"

"त्यात काय एवढं? मोईनचा हात चांगला आहे. दुपारी उघडलं, चहापर्यंत बंद केलं."

"कोणच्या दवाखान्याचा डाक्टर हाय ह्यो मोईन?"

"डॉक्टर कसला? गॅरेज आहे त्याचं!"

बायकांच्या बाजूला कुणीतरी खाली बसल्याचा आवाज आला.

"जुना पंप बरा होता तसा," मी त्यांना धीर द्यायला लागलो. "पण जोर केला की ठसका लागायचा. म्हणून मीच म्हटलं, लग्नाच्या आधी मोठा टाकून घेऊ. ताकद वाढंल!"

"तुमीच म्हनले?"

"माझीच आयडिया!" सवयीनं छाती थोडी पुढं आलीच. "फक्त गळ्यापर्यंत भरायला नको होतं."

पाटील प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. "माझी एकुलती एक लेक हाय वो," ते म्हणाले. "म्या तुमच्या माणसांचं तोंड बघून दिली. एवढी मोठी गोष्ट दडवायची नव्हती."

आता मात्र मी माइक खाली ठेवला. गाडीच्या पंपासाठी कुणी असं रडत नाही, एवढं मला कळतं. पण हा माणूस नेमका कशासाठी रडतोय, ते काही केल्या उमगेना. तिकडं वऱ्हाडी उठून उभे राहिले होते. माझे सासरे माझ्याकडं धावत येत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर आशीर्वादाचं काही चिन्ह नव्हतं.

तेवढ्यात नवरीच्या खोलीचं दार उघडलं आणि सायली बाहेर आली. मुंडावळ्या बांधलेल्या, हातभर मेंदी. ही पोरगी शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे. तिच्या चालीवरूनच कळलं, की आता ड्यूटी सुरू झाली!

"विश्वजीत कुठंय?"

विशाखानं त्याला पुढं आणलं. त्याला लिंबूपाणी पाजलं होतं, जरा माणसात आला होता.

"टाके दाव!" भागूबाई गरजली. "आधी छातीवरचे टाके दाव सगळ्यांना!"

"कसले टाके, आत्या?" विश्वजीत घाबरला. पण सायलीनं नुसतं बोट केलं, आणि त्यानं मुकाट्यानं शेरवानीची वरची बटणं सोडली. आत बनियन. बनियनच्या आत विश्वजीत. टाका कुठंच नाही!

सायलीनं त्याचं मनगट धरलं. समोरच्या घड्याळाकडं बघत उभी राहिली. सगळं कार्यालय टाचा उंचावून बघत होतं. आचारीसुद्धा झारे घेऊन दारात.

"ठोके जास्त आहेत," ती म्हणाली.

"अगं बया!" भागूबाईनं डोक्याला हात लावला.

"का जास्त आहेत?" सायलीनं त्याच्या डोळ्यांत बघत विचारलं.

"तू हात धरलास म्हणून," विश्वजीत म्हणाला.

आधी मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी फिस्सकन हसलं, मग पुढचे हसले, मग भटजी. सायलीनं तोंड फिरवलं, पण हात काही सोडला नाही. मग ती माझ्याकडं वळली. "दाजी, पंप कुणाचा बदललाय?"

"गाडीचा," मी म्हणालो. "पेट्रोलचा. दुसऱ्या कुणाचा?"

एवढी शांतता मी आजवर फक्त अजिंठ्याच्या लेण्यांत अनुभवली आहे!

पुंजाराम पाटील उठले. त्यांनी फेटा डोक्यावर ठेवला, डोळे पुसले आणि इतक्या जोरात हसले की माइक नसताना भोंगा घुमला. "आरं, गाडीचा पंप! चला रं, बघू तरी!" मुहूर्ताला थोडा वेळ होता. सगळं वऱ्हाड लिंबाखाली लोटलं. नवरा-नवरीपण! मी सीट उचलून तळं दाखवलं, ओलं गोणपाट टाकलं आणि टर्बो समजावून सांगायला लागलो. भाकरी-कालवणापर्यंत आलोच होतो, तेवढ्यात पाटील म्हणाले, "जावईबापू, गप ऱ्हावा."

मग त्यांनी कारभार हातात घेतला. फटाके गोळा करून हौदात बुडवले. आचाऱ्यांच्या भट्ट्या विझल्या आणि गाडी चौघांनी ढकलत पार पलीकडच्या मोकळ्या वावरात नेली. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, माळा पडल्या. झेंडूच्या! पण जेवणाची पंगत लांबली आणि बुंदी अर्धी कच्ची राहिली. भुकेलं वऱ्हाड माझ्याकडं असं बघत होतं, जसं मीच गोड म्हणून पानात वाढलेलो आहे.

राहिला प्रश्न टाकीचा. एकजण कुठूनतरी नळी घेऊन आला, म्हणाला, "जरासं काढू, म्हंजी गळायचं थांबंल." जरासं काढलं. मग कुणीतरी मोटारसायकल आणली. मग दुसरी आली. मग वावरात अशी रांग लागली, की मला आधी वाटलं जेवणाची पंगत इकडंच बसवली! नवरीच्या मामेभावांपासून बँडवाल्यापर्यंत सगळे डुलतडुलत आले आणि टाक्या भरून गेले. एका आजोबांकडं गाडीच नव्हती, तर त्यांनी बाटली आणली. माझ्या गाडीला तळ लागला. आहेरात मी काय दिलं, असं आता विशाखाच्या माहेरी कुणी विचारत नाही!

संध्याकाळच्या आत निघायचं होतं. सायली-विश्वजीत पाटलांच्या जीपमधून शहराकडं रवाना झाले. वऱ्हाड बसमध्ये. विशाखासुद्धा बसमध्ये, माझा निरोप न घेता. माझ्या गाडीचं काय, तर पाटलांनी स्वतःचा ट्रॅक्टर दिला. "सिल्लोडपर्यंत वढून न्यावा. तिथं तुमचा तो डाक्टर भेटंल. पण स्टार्टर मारायचा नाय! चावी फकस्त स्टेरिंग सुटंपतूर फिरवायची."

ट्रॅक्टरला दोर बांधला. मी फेटा सावरत स्टिअरिंगवर बसलो. इंजिन बंद असलं की स्टिअरिंग असं जड होतं, जसं रुसलेल्या म्हशीचं शिंग! तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि हिरवं लुगडं, नाकात नथ अशा थाटात भागूबाई आत येऊन बसली. ती सायलीची पाठराखीण म्हणून चालली होती. जीपमध्ये जागा उरली नव्हती आणि बस तिला लागते.

"आत्या, या गाडीची भीती नाय वाटत?"

"आता कशाची भीती? टाकीत थेंब नाय. ह्याच्याहून बिनधोक गाडी जिल्ह्यात घावायची नाय." तिनं पदर सारखा केला. "चल. हळू चालव."

हळूच चालली होती! घाट चढताना बैलगाडीनं आम्हाला मागं टाकलं. गाडीवान वळून वळून बघत होता.

घाट चढून अजिंठा गाव आलं. चहाच्या टपऱ्यांवर गर्दी होती. पुढं ट्रॅक्टर, मागं झेंडूनं मढवलेली गाडी, काचेवर 'सायली आणि विश्वजीत', स्टिअरिंगवर फेटेवाला मी, शेजारी नथ घातलेली सत्तरीची भागूबाई. लोक चहा सोडून उठले. कुणीतरी शिट्टी मारली. एका भल्या माणसानं टपरीवरून दोन पेढे आणले, चालत्या गाडीच्या खिडकीतून माझ्या हातावर ठेवले आणि गहिवरून म्हणाला, "वय बघू नका भाऊ, संसार सुखाचा करा!"

मी तोंड उघडायच्या आत भागूबाई खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आली.

"आरं ए मुडद्या! ह्यो माझा नवरा? म्या इतकी येडी दिसती व्हय?"

अख्खी टपरी हसली. ट्रॅक्टरवाला हसला, त्यामुळं दोराला हिसका बसला आणि माझ्या हातातले दोन्ही पेढे खाली पडले. त्यातला एक भागूबाईनं उचलला, झटकला आणि खाल्ला.

दुसरा मागं घरंगळत कुठं गेला, ते सिल्लोडला मोईननं मागची सीट उचलल्यावर कळलं. थेट टाकीच्या झाकणाशी!